घरच्यांना कसली पावती

"आमच्या हिला भोकं पाडायचे पैसे मिळतात," असं मास्तर खिडकीशी आलेल्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला सांगायचे. "मी जन्मभर कापड कापलं, ही जन्मभर चांगल्या कपड्याला भोकं पाडते. आणि लोक वर थँक्यू म्हणतात."

"भोकाशिवाय बटण लावून दाखवा मग," आतून काजवाली म्हणायची.

तिचं हे उत्तर ठरलेलं होतं. गिऱ्हाईक हसलं की मास्तर खूश व्हायचे आणि ती पुन्हा मान खाली घालून काज भरायला लागायची. मशीनची काजं आल्यापासून हाताची काजं मागणारे थोडेच उरले होते. कोट शिवणारे दोन-तीन जुने शिंपी अजून तिच्याकडेच कोट पाठवायचे. खडूची खूण, तिच्याभोवती धावदोऱ्याची एक रेघ, मग पात्यानं चीर आणि मेणावरून ओढलेल्या दोऱ्यानं एकाला एक चिकटून गाठी. घाई केली की काज तोंड वासतं. ती घाई करत नसे.

मास्तर एका मोठ्या दुकानात कटिंग मास्टर होते. काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं खात आणली. आधी बाजूची माणसं दिसेनाशी झाली, मग कात्रीखालची रेघ आणि शेवटी फक्त उजेड आहे की नाही एवढंच कळायला लागलं. दुकानानं त्यांना हार घालून घरी पाठवलं. पण या मागच्या खोलीत मास्तर आंधळे नव्हते. स्टोव्ह कुठं, काडेपेटी कुठं, चहाच्या डब्याचं झाकण कोणत्या बाजूनं उघडतं, हे त्यांच्या हातांना ठाऊक होतं. दाराबाहेर भिंतीवर हात ठेवून निघाले की पाइपाच्या वळणाशी नळ यायचा. दुपारी खिडकीची कडी काढून ते बसायचे आणि येणाऱ्याचा कपडा बोटांत घेऊन सांगायचे, "कॉलर उलटवून घ्या. आतली बाजू अजून दोन वर्षं जाईल." नव्या माणसाला तर बराच वेळ कळायचंही नाही. एकदा एकानं त्यांना पत्ता लिहिलेला कागद दाखवून रस्ता विचारला होता. मास्तरांनी तो गंभीरपणे हातात घेतला आणि म्हणाले, "अक्षर फार वाईट आहे हो. तुम्हीच वाचा."

खोली वहिनींच्या घराच्या मागे होती. पुढं वहिनींचं घर, मध्ये अंगण, मागे आपापली मोरी असलेल्या दोन खोल्या. एकीत टॅक्सीवाला, दुसरीत हे दोघं. टॅक्सीवाल्याचं आणि वहिनींचं रोजचं भांडण असायचं, कधी पाण्यावरून, कधी भाड्यावरून, कधी टॅक्सी अंगणाच्या तोंडाशी उभी करण्यावरून. काजवालीशी मात्र वहिनी कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. कुणी पाहुणं आलं की त्या सांगायच्या, "ही आमच्या घरचीच."

हा शब्द तिला कसा मिळाला तेही सांगायला हवं. वहिनींचे मालक होते तोवर ते दर महिन्याला भाडं मोजून घ्यायचे आणि पावती फाडून द्यायचे. ते गेले. पुढे वहिनींचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा मुलगा लहान होता. काजवालीनं सगळं घर अंगावर घेतलं. वहिनींना उठवणं-बसवणं, मुलाची शाळा, स्वयंपाक, धुणं. आपली काजं ती त्यांच्या पलंगाच्या पायथ्याशी बसून करायची. वहिनी हिंडूफिरू लागल्या त्या महिन्यात ती भाडं घेऊन गेली आणि सवयीनं पावतीसाठी थांबली. वहिनींनी तिच्या हातावर चापट मारली.

"घरच्यांना कसली पावती गं?"

काजवाली घरी आली ती डोळे पुसतच. मास्तर म्हणाले, "म्हणजे भाडं माफ?"

"छे! भाडं घेतलं की. पावती नाही म्हणाल्या."

"मग यात रडण्यासारखं काय झालं?"

"तुम्हाला नाही कळायचं."

तेव्हापासून दर महिन्याला तेच व्हायचं. ती पैसे पुढं करायची, वहिनी म्हणायच्या, "अगं, राहू दे गं," आणि घ्यायच्या. वहिनी तिला 'तू' म्हणायच्या, ती वहिनींना 'तुम्ही'. हे दोघींनाही कधी खटकलं नाही.

मग साथ आली. आधी दुकानं बंद झाली, मग कारखाने. लग्नं नाहीत, कचेऱ्या नाहीत, तर कोट कोण शिवणार? उसवलेलं घेऊन येणारी गिऱ्हाइकंही थांबली, कारण दुसऱ्याचा हात लागलेला कपडा कुणाला नको होता. मास्तर खिडकी उघडून बसायचे आणि रिकाम्या गल्लीला म्हणायचे, "या, या. गर्दी करू नका." काजवालीनं मास्क शिवून पाहिले. पण मास्क घरोघर शिवले जात होते आणि मास्कला काज लागत नाही.

भाडं थांबलं. ती वहिनींना सांगायला गेली. वहिनी म्हणाल्या, "देशील गं सावकाश. कुठं पळून चाललीयेस?"

त्याच सुमारास गल्लीतून भोंग्याची गाडी फिरून गेली. साथ चालू असेपर्यंत कुठल्याही भाडेकरूला घराबाहेर काढता येणार नाही, भाडं थकलं तरी नाही आणि माणूस आजारी पडला तरी नाही. जो काढेल त्याला दंड. टॅक्सीवाल्यानं अंगणात उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याचं भाडं साथीच्या आधीपासूनच थकलं होतं.

"ऐकलंत का काजताई? आता राजे आपण!"

"तुमचं चालू द्या," काजवाली हसून म्हणाली. तो आदेश तिनं दुसऱ्या कुणाचं पत्र कानावर पडावं तसा ऐकला होता.

"बरोबर आहे. तुम्ही घरच्या, आम्ही दारचे," टॅक्सीवाला म्हणाला.

काही दिवसांनी वहिनींच्या मुलाचा फोन आला. परगावी त्याचं काम गेलं होतं, घर सोडावं लागत होतं, तो बायको आणि तान्ह्या मुलीला घेऊन इकडे यायला निघणार होता. पण बाहेरून येणाऱ्यांनी वेगळ्या खोलीत राहायचं, त्या खोलीला वेगळं दार आणि वेगळी मोरी हवी, असा नियम होता. तशी खोली नसेल तर शाळेच्या हॉलमध्ये. त्या हॉलमध्ये एका रांगेत शंभर खाटा टाकल्यात, बरी माणसं तिथं जाऊन आजारी पडतात, असं सगळे बोलत होते. वहिनींनी पुढच्या घरात मोरी कुठं वेगळी काढता येते का ते फिरून फिरून पाहिलं. मग त्या टॅक्सीवाल्याच्या दाराशी गेल्या.

हे भांडण नेहमीसारखं नव्हतं. वहिनी आधी विनवत होत्या. "थकलेलं सगळं सोडते. तू एकटा माणूस, कुठंही राहशील. माझी नात तान्ही आहे रे."

"आणि मी काय टॅक्सीत झोपू?"

"झोपतोसच की दुपारचा!"

शेवटी वहिनींनी त्याची बादली नळाखालून काढून रस्त्यावर ठेवली आणि त्यानं वॉर्ड ऑफिसात जाऊन तक्रार केली.

तक्रार आली म्हणून वॉर्डातल्या मॅडम आल्या. तरुण होत्या, तोंडाला दुहेरी मास्क, डोळ्यांखाली काळं. त्या अंगणाच्या मध्यभागी उभ्या राहिल्या आणि कुणालाच जवळ येऊ नका म्हणाल्या. त्यामुळं सगळं मोठ्यानं बोलावं लागत होतं. आजूबाजूच्या गच्च्यांवर माणसं जमली. वहिनी पायरीवर उभ्या होत्या. आयुष्यात कधी त्यांच्या दारात सरकारी माणूस आला नव्हता. त्यांचा पदर हातात नुसता चुरगळत होता.

"तुम्ही भाडेकरू?" मॅडमनी टॅक्सीवाल्याला विचारलं.

"अलबत! आणि या माझ्या मालकीणबाई. जिवावर उठल्यात माझ्या."

गच्चीवर कुणीतरी हसलं. मॅडमनी वहिनींना आदेश वाचून दाखवला. दंडाचा आकडाही मोठ्यानं सांगितला. वहिनींची मान खाली गेली.

मग मॅडम मागच्या खिडकीकडे वळल्या. "तुम्ही? तुम्हीही भाडेकरू का? तुम्हाला कुणी जा म्हणालंय का?"

काजवाली खिडकीत होती. तिनं आधी वहिनींकडे पाहिलं. सगळ्या गल्लीसमोर त्या बाईची शोभा होत होती. आता आपणही त्या टॅक्सीवाल्याच्या रांगेत जाऊन उभं राहायचं? आणि खरं सांगायचं तर तिला तो शब्द आपल्यासाठी हलका वाटला. कायद्यानं ज्याला राखावं लागतं तो भाडेकरू. घरच्या माणसाला कोण काढतं?

"नाही हो," ती म्हणाली. सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे. "मी भाडेकरू कसली? मी घरचीच आहे यांच्या."

"भाडं देत नाही तुम्ही?"

"घरचीच आहे म्हटलं ना."

मॅडमनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "हो. घरचीच आहे ती आमच्या."

मॅडमनी तसं लिहून घेतलं आणि त्या निघून गेल्या. काजवाली खिडकीतून वळली तेव्हा तिचा चेहरा उजळला होता. मास्तरांना तो दिसत नव्हता.

"काय बोलून बसलीस?"

"काय बोलले?"

"दुकानात इतकी वर्षं काढली, पण माझ्या हातून कधी कापड वाया गेलं नाही," मास्तर म्हणाले. "तू एका शब्दात अख्खा तागा कापलास की गं."

"तुम्हाला ना, सगळीकडं कात्रीच दिसते."

"मला काहीच दिसत नाही. म्हणून ऐकू बरं येतं."

वहिनी आल्या त्या दुपारच्या. उंबऱ्याशी स्टुलावर बसल्या. मास्तरांची चौकशी केली, हवेचं बोलल्या, मग पुन्हा मास्तरांचीच चौकशी केली. काजवालीनं ओळखलं. तरी ती म्हणाली, "चहा टाकते."

"नको. इथं बस." वहिनींनी तिचा हात धरला. साथीत कुणी कुणाचा हात धरत नव्हतं. "परक्याकडं गेले, तर त्यानं मला चव्हाट्यावर आणलं. घरच्या माणसाकडंच मागता येतं गं. पोर निघालंय तिकडून. खोली नाही म्हटलं तर त्या लेकराला हॉलमध्ये टाकतील. थोडे दिवस. शहरात तुमचा भाचा आहे ना, त्याच्याकडं राहा."

काजवालीनं मास्तरांकडे पाहिलं. ते खिडकीच्या चौकटीवर बोटं फिरवत बसले होते.

"वहिनी, यांना दुसरीकडे..." ती म्हणाली. "इथं यांना सगळं दिसतं."

"मला कळत नाही का? पण मी दुसऱ्या कुणाला सांगू? तूच सांग."



दुसऱ्या दिवशी ती चालत वॉर्ड ऑफिसात गेली. बराच वेळ उन्हात उभी राहिल्यावर काचेपलीकडे त्याच मॅडम दिसल्या. त्यांनी तिला ओळखलं.

"पण तुम्हीच नाही म्हणालात ना," मॅडम म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. "नात्यातल्या माणसांत आम्हाला पडता येत नाही. आदेश भाडेकरूंसाठी आहे."

"मी भाडं देते. म्हणजे देत होते. इतकी वर्षं."

"पावती?"

"आधीच्या होत्या. मग त्या म्हणाल्या, घरच्यांना..." तिनं वाक्य सोडून दिलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "हे बघा मावशी, मालकीणबाईंनी एवढं सांगावं की मी भाडं घेत होते. किंवा शेजारचं कुणी. मी आज येऊन थांबवते सगळं. फक्त मग त्या दिवशी त्या माझ्याशी खोटं बोलल्या असं होईल, आणि त्यांच्यावर आधीच एक तक्रार आहे. दंड टळणार नाही. ठरवा तुम्ही."

परतताना टॅक्सीवाला अंगणाच्या तोंडाशी भेटला. त्याला सगळं कळलं होतं. त्या अंगणात लपण्यासारखं काहीच नव्हतं. "मी सांगतो ना काजताई! दर महिन्याला बघितलंय मी. 'राहू दे, राहू दे' म्हणत कसे घेतात ते. नक्कल करून दाखवतो मॅडमना."

तिला हसू आलं, आणि हसता हसता ती नळाच्या कट्ट्यावर बसली.

"बसू नका. चला, आत्ता जाऊ. टॅक्सी आहे."

"थांबा हो. आधी मी त्यांच्याशी बोलते."

वहिनी स्वयंपाकघरात होत्या. पाळणा माळ्यावरून काढून पुसून ठेवलेला होता. काजवालीनं तो ओळखला. वहिनी आजारी असताना त्यांच्या मुलाला दुपारी त्यातच बसवून ती काजं करायची. पाय बाहेर यायचे त्याचे.

"वहिनी, एवढंच सांगाल का मॅडमना? आम्ही भाडेकरू आहोत म्हणून?"

वहिनींच्या हातातलं फडकं थांबलं. "तू गेली होतीस तिकडं?"

"हो."

"मला न सांगता?"

काजवालीनं पाळण्याची दोरी सारखी केली.

"मी आजारी होते तेव्हा तू माझं सगळं काढलंस. तेव्हा काही लिहून घेतलं होतंस माझ्याकडून? आणि मीही तुला कधी परकं मानलं नाही. तुला खोली हवी असेल तर तसं सांग. राहा. मी माझ्या पोराला सांगते, हॉलमध्ये जा म्हणून. पण मी तुला भाडेकरू म्हणणार नाही. तेवढं मागू नकोस माझ्याकडं."

त्या मनापासून बोलत होत्या. तीच पंचाईत होती. खोटं बोलत असत्या तर काजवालीला भांडता आलं असतं.

"कधी येतोय तो?" तिनं विचारलं.

खोलीत मास्तर स्टोव्ह पेटवत होते. तिनं सगळं सांगितलं. टॅक्सीवाला साक्ष द्यायला तयार आहे, हेही.

"मग अडलं कुठं?"

"त्यांच्या तोंडावर त्यांना खोटं पाडू?"

मास्तरांनी काडी विझवली. "मग मला पाड," ते म्हणाले. "तिथं भाच्याच्या घरात मी असाही पडणारच आहे."

 चहा उकळून वर आला तो मास्तरांनी आवाजावरून ओळखला आणि वेळेत उतरवला. दोन्ही कप भरले, एक तिच्यापुढं सरकवला. बरोबर तिच्या हाताशी.

"त्या बाळाला काय झालं तर मला इथं झोप लागेल का?" ती म्हणाली.

"आणि मला काय झालं तर?"

"तुमच्याजवळ मी आहे."

"हं." मास्तरांनी बराच वेळ कप हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "भाड्याचं घर असतं तर बरं झालं असतं. भांडून राहिलो असतो."

सामान फार नव्हतं. टॅक्सीवाल्यानं ते वर बांधलं, पैसे घेणार नाही म्हणाला आणि वहिनींना ऐकू जाईल अशा आवाजात इंजिन दोनदा रेटलं. वहिनी डब्यात जेवण भरून घेऊन आल्या. काजवालीच्या गळ्यात पडून रडल्या. काजवालीही रडली. मास्तर तेवढ्यात एकटे आत गेले होते. ती बोलवायला गेली तेव्हा ते रिकाम्या खोलीच्या मध्यभागी उभे होते, दोन्ही हात पसरून. सामान काढल्यावर खोली त्यांना ओळखू येत नव्हती.

"दार कुठंय?" त्यांनी विचारलं.

भाच्याचं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं, उंच इमारतीत, वरच्या मजल्यावर. लिफ्ट साथीमुळं बंद ठेवली होती. भाचा सामान घेऊन पुढं गेला. भाचेसून वरून ओरडली, "सावकाश या मामा. कठड्याला हात लावू नका, तो पुसलेला नाही."

मास्तरांनी कठड्याकडे नेलेला हात मागे घेतला. मग धरायला काजवालीचा खांदा तेवढा होता. त्या जिन्याच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. प्रत्येक पायरीवर ते आधी पाऊल हवेत धरायचे, मग टेकवायचे. एका वळणावर पायाला सपाट जागा लागली तसे ते थांबले. चेहऱ्यावर हसू आलं. खाली वाकून त्यांनी चाचपलं आणि भिंतीला पाठ लावून बसले.

"आलो एकदाचे," ते म्हणाले. "फार नाही दमवलं."

"नाही हो," ती म्हणाली. "मधली जागा आहे ही. अजून वर जायचंय."

"अजून?"

"बरंच."

मास्तर उठले नाहीत. ती त्यांच्याशेजारी बसली. वहिनींचा डबा तिच्या मांडीवर होता आणि तो अजून गरम होता. खालून एक गृहस्थ मास्क सारखा करत वर आले आणि या दोघांना पाहून अंतर ठेवून थांबले.

"कोणाकडे आलात?"

काजवालीनं मांडीवरचा डबा सावरला. मास्तरांनी आवाजाच्या दिशेनं तोंड केलं.

"वर चाललोय," ते म्हणाले. "घाई नाही. तुम्ही व्हा पुढं."

गृहस्थ क्षणभर घुटमळले, मग भिंतीला अंग चोरून त्यांच्या बाजूनं निघून गेले. त्यांची पावलं वर वर जात राहिली. एक दार उघडलं, लागलं. मास्तर ती पावलं मोजत होते की नुसते ऐकत होते, ते तिनं विचारलं नाही.